खंडेनवमीचं ऑइल-पाणी

या, असे जवळ सरका. मागच्या रांगेतल्या माउल्यांनो, तुम्हीसुद्धा पुढं या. सतरंजीवर जागा आहे, आणि आज सांगायच्या गोष्टीतला सगळा घोर मागं बसण्यापासूनच सुरू झाला होता. गोष्ट काळेवाडीतली. तिच्यात एक कीर्तन आहे, एक कॉम्प्युटर आहे आणि त्या दोघांच्या मध्ये सापडलेला एक बिचारा समाधान आहे. पांडुरंगानं जिभेला बळ दिलं तर शेवटापर्यंत नेतो.

समाधान मूळचा परभणीकडचा. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. लाइनवर मशीन बंद पडलं की पहिला फोन त्यालाच. राहायला काळेवाडीत, आबाजींच्या घरात वरच्या मजल्यावर, बायको स्वप्नालीसोबत भाड्यानं. खाली आबाजी आणि कौशल्याबाई, इथलेच जुने शेतकरी. शेताच्या जागी इमारती आल्या, पण आबाजींनी कीर्तन काही सोडलं नाही. फार नाव झालेले महाराज नव्हते ते. पण त्यांनी अभंग उचलला की समोरचा माणूस खिशातला फोन न बघताच बंद करायचा, असा गळा. मागच्या सालच्या कोजागिरीला आबाजी गेले.

त्याआधी श्रावणातल्या सप्ताहात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ऐन रंगात लाइट गेली. जनरेटर आणला, तो चालवायला मेंटेनन्सचा माणूस म्हणून समाधानला बसवलं. वायर तोकडी, म्हणून जनरेटर उभा राहिला बायकांच्या रांगेमागं, आणि अगदी शेवटच्या रांगेत कौशल्याबाई. कीर्तन संपता संपता आबाजी काहीतरी बोलले. पुढची माणसं खळखळून हसली आणि माना वळवून सगळी कौशल्याबाईंकडं बघायला लागली. बाईंना घर्रर्र सोडून एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि आपणही हसल्या. करणार काय?

घरी आल्यावर विचारलं, तर आबाजी मिशीत हसून म्हणाले, "कीर्तनात येऊन ऐकायचं न्हाई, आन् घरी फुकट सांगायचं व्हय? पुढच्या सालच्या सप्त्यात म्होरं बस. परत सांगंन."

पुढचा सप्ताह त्यांच्या नशिबी नव्हता.

मग बाईंनी ज्याला त्याला विचारलं. एक म्हणाला, तुमच्या हातच्या पिठल्याबद्दल बोलले. दुसरा म्हणाला, छे, तुमच्या रागाबद्दल. झेरॉक्सच्या दुकानाचे अण्णासाहेब, सप्ताह मंडळाचे सचिव, एकदम पहिल्या रांगेत होते. पण त्यांना तेव्हा डुलकी लागली होती, सगळे हसले म्हणून ते दचकून हसले. रेकॉर्डिंग झालं होतं, पण त्यात आबाजी कमी आणि जनरेटर जास्त. पिंपळे सौदागरच्या एका स्टुडिओत देऊन ते साफ करून आणलं, तर आवाज असा झाला की कौशल्याबाईंनी हातानंच थांबवलं. "ह्ये आमचे न्हाईत. ह्यो कुनीतरी पान्याच्या टाकीत पडलेला मानूस हाय."

जनरेटर आपण चालवत होतो, ही गोष्ट समाधानच्या डोक्यातून जाईना. त्यानं ठरवलं, हे काम आपण करायचं, आपल्या कानानं, घाई न करता. त्यासाठी कॉम्प्युटर हवा. तयार घेण्याऐवजी त्यानं तो घरी जुळवला. कॅबिनेट एकीकडून, मदरबोर्ड दुसरीकडून, ग्राफिक्स कार्ड मेहुण्याचं जुनं, साउंड कार्ड पिंपरीच्या बाजारातलं वापरलेलं. त्या कार्डाच्या खोक्यात एक सीडी मात्र जशीच्या तशी होती. पहिल्या दमात मशीन चालू झालं तेव्हा समाधाननं त्याला नमस्कार केला.

पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसनं घरी यायचं, चहा घ्यायचा, कानाला हेडफोन लावायचे आणि घर्रर्र खरवडून काढत आबाजींना वर आणायचं. तो म्हणाला होता, शेवटचं वाक्यच आधी साफ करतो. तर कौशल्याबाईंनी डोळे मोठे केले. "नमनाबिगर कीर्तन उघडत्यात व्हय रं? पहिल्यापासनं कर." तेव्हा पहिल्यापासून. नवरात्र आलं तेव्हा शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता. कोजागिरीला आबाजींचं वर्ष. त्या संध्याकाळी अंगणात सगळ्यांना कीर्तन ऐकवायचं, असा शब्द समाधाननं बाईंना देऊन टाकला.

आणि दसऱ्याच्या दिवशी कॉम्प्युटरनं मान टाकली.

आवाज चालू करायला बटण दाबलं, आबाजींचं 'विठ्' एवढंच आलं आणि पडदा निळा. निळ्यावर एक उदास तोंड, खाली इंग्रजीत काहीतरी खेद. मशीन आपोआप बंद, आपोआप चालू. समाधाननं पुन्हा दाबलं. 'विठ्'. निळा पडदा. उदास तोंड.

"च्यायला, 'ठल' तरी म्हणू दे," समाधान म्हणाला आणि लगेच आबाजींच्या फोटोकडं बघून कान पकडले.

आता घरात काही बिघडलं की आपल्याकडं जाणकारांची कमी नसते. स्वप्नाली म्हणाली, "मी म्हणले होते, त्या पंख्यापाशी कुंकू लावू नका. नवमीच्या पूजेला तुम्ही चिमूटभर नाही, मूठभर लावलंत. आत गेलं असंल." समाधाननं कॅबिनेट उघडलं. कुंकू होतं, पण जाळीवर. झेंडूची एक पाकळीही निघाली. पुसून, फुंकून बंद केलं. 'विठ्'.

अण्णासाहेब दुकान नोकरावर टाकून जिना चढून आले. खुर्चीत बसले, चहा घेतला आणि निदान केलं, "रॅम."

"कशावरून?"

"माझ्या दुकानात असंच झालं होतं. रॅम काढायची, खोडरबरानं तिचे दात घासायचे आणि लावायची. समाधान, अरे, तुझ्यासारख्या माणसाला हे मी सांगायचं का?"

समाधाननं रॅम काढली, शेजारच्या पोरीकडून खोडरबर मागून आणलं, दात घासले, लावली. 'विठ्'. मग खाच बदलून लावली. 'विठ्'. अण्णासाहेब दुसरा चहा संपवून म्हणाले, "मग पॉवर सप्लाय असेल," आणि निघून गेले. समाधाननं कंपनीतल्या मित्राकडून पॉवर सप्लाय आणला, जोडला. हेडफोन बदलून पाहिले. ग्राफिक्स कार्ड काढून पाहिलं. दिवसातून इतक्यांदा तो स्क्रूड्रायव्हर हातात घेई की स्वप्नालीनं पोळ्या लाटता लाटता विचारलं, "जेवताना तरी खाली ठेवणार का?"

आणि गंमत अशी की आवाज काढायला लावला नाही तर कॉम्प्युटर ठणठणीत. हिशेब करा, फोटो बघा, तासन् तास मुकाट चालतो. तोंड उघड म्हटलं की मेला.

संध्याकाळ झाली की कौशल्याबाई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून येत. दारातच उभ्या राहून विचारत, "बोललं का रं?"

"नाही काकू. उद्या बघतो."

"बघ. घाई न्हाई. कोजागिरीपातूर तर हाय येळ."

आणि तशाच उतरून जात. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर समाधानला बरं वाटलं असतं.

शेवटी त्यानं मेहुण्याला फोन लावला. स्वप्नालीचा धाकटा भाऊ प्रज्वल मारुंजीत खोली घेऊन राहतो आणि हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. समाधाननं निळ्या पडद्याचा फोटो पाठवला. प्रज्वल म्हणाला, "दाजी, खाली फाइलचं नाव दिसायलंय ना? ते साउंड कार्डच्या ड्रायव्हरचं आहे. रॅमबिम सोडा. तुम्ही काय बदललं?"

"काहीच नाही."

"काहीतरी बदललं असणार. कधीपासून होतंय?"

"दसऱ्यापासून. पण मी काही बदललं नाही राव. होतं तसंच आहे."

फोन ठेवला आणि समाधानच्या ध्यानात आलं. हा सवाल त्याचाच होता. लाइनवर मशीन अडलं की तो रोज ऑपरेटरला हेच विचारायचा, काय बदललं? आणि ऑपरेटर रोज हेच म्हणायचा, काहीच नाही साहेब, होतं तसंच आहे. मग तासाभरानं कळायचं, त्या ऑपरेटरनंच स्वतःच्या हातानं कायकाय फिरवून ठेवलंय. कॅन्टीनमध्ये समाधान त्यांच्या नकला करून दाखवायचा. पण आपण खरंच काही बदललेलं नाही, याबद्दल त्याला शपथेवर खात्री होती.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी प्रज्वल आला. दुपारी निघालेला माणूस डांगे चौकातल्या गर्दीतून संध्याकाळी पोचला, ते चिडूनच. बूट काढता काढता म्हणाला, "सरळ फॉरमॅट मारू. सगळं पुसायचं, नवीन टाकायचं."

"हात लावू नको," समाधान म्हणाला. "महिनोन् महिन्यांचं काम आहे आत."

"ते पेन ड्राइव्हवर घेऊ हो. पण फॉरमॅट मारला तरी साउंड कार्डला ड्रायव्हर लागणारच. जुना कुठंय? दाजी, देवाशप्पथ सांगा, काय केलं तुम्ही?"

"काही नाही केलं म्हणतोय ना. नवमीपर्यंत झकास चालू होतं. नवमीला पूजा केली, दसऱ्याला बसलो तर हे असं."

स्वप्नाली आतून पोह्यांच्या बशा घेऊन येत होती. ती तिथंच थांबली. "पूजेच्या आधी ते काय करायला होतात मग? मी आरतीचं ताट घेऊन उभी. निरांजन विझायला आलं तरी तुम्ही म्हणायलात थांब, पट्टा भरू दे. हिरवा पट्टा होता बघा, शेवटाला 'सगळं नवं झालं' असं काहीतरी आलं."

"ते काही बदल नव्हे," समाधान म्हणाला. "ते ऑइल-पाणी होतं."

प्रज्वलनं बशी हळूच खाली ठेवली. "दाजी. ऑइल-पाणी म्हणजे?"

आता ज्यांना कारखान्याचा वास लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खंडेनवमीला आपल्याकडं यंत्रांची पूजा होते, आणि घाणेरड्या मशीनला हार घालत नाहीत. आधी दोन दिवस मशीन उघडायचं, जुनं तेल काढायचं, नवं भरायचं, झिजलेलं बदलायचं, लखलखीत करायचं आणि मग हळद-कुंकू. समाधान वर्षानुवर्षं हेच करत आलेला. घरच्या कॉम्प्युटरची पहिलीच खंडेनवमी. त्याला तेल कुठं घालणार? तर त्यानं इंटरनेटवरून एक फुकटचा प्रोग्राम उतरवला, जो म्हणाला, तुमचे सगळे ड्रायव्हर जुने झालेत, एका बटणात नवे करतो, जुना कचराही काढतो. समाधाननं भक्तिभावानं बटण दाबलं. त्याच्या लेखी तो पूजेचा भाग होता. देवाला आंघोळ घातली म्हणून कुणी 'मी देव बदलला' असं म्हणतं का?

पण ड्रायव्हर म्हणजे तेल नव्हे. तो साउंड कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामधला टाळकरी. बुवा एका चालीत अभंग उचलतात आणि मागचा दुसऱ्याच चालीत ओढतो, मग काय होणार? कीर्तन बंद. त्या फुकट्या प्रोग्रामनं जुन्या कार्डामागं नव्या चालीचा टाळकरी आणून उभा केला होता. नाव सारखं, चाल वेगळी.

प्रज्वलनं कपाळाला हात लावला. "तुम्ही आख्ख्या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर बदलले आणि वर मलाच म्हणता काही बदललं नाही."

"सर्व्हिसिंगला बदल म्हणतात का?"

"दाजी, मी जातो परत मारुंजीला."

"पोहे खाऊन जा," स्वप्नाली म्हणाली. त्यावर तो बसला.

प्रज्वलनं सेफ मोड लावला. म्हणजे कॉम्प्युटर अगदी गरजेपुरता, उपवासाच्या पोटावर चालवायचा. आधी त्या फुकट्या प्रोग्रामला हाकललं, मग नवा ड्रायव्हर उपटला. जुना परत आणायचं बटण पाहिलं तर ते फिकट पडलेलं, दाबता येईना. जुना कचरा समाधानच्या सांगण्यावरूनच काढून टाकलेला होता. इंटरनेटवर शोधलं, तर ज्या साइटवरून तो पहिल्यांदा उतरवला होता ती आता बंद, त्या साउंड कार्डच्या कंपनीचा पत्ताच नाही.

"खोक्यात सीडी होती की," समाधान म्हणाला. "खोकं माळ्यावर आहे." खोकं काढलं. त्यात सीडी नव्हती.

"स्वप्नाली, यातली सीडी बघितलीस?"

तिनं गॅलरीकडं बघितलं. गॅलरीत दोरीला एक चकचकीत सीडी लटकत होती, वाऱ्यावर गरगर फिरत होती. खाली कठड्यावर दोन कबुतरं तिच्याकडं ढुंकूनही न बघता बसली होती.

"कबुतरं पळतात म्हणले होते सगळे," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणलात, कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नाही, काय करायची."

तो खरंच तसं म्हणाला होता.

सीडी सोडवली. उन्हानं तिच्यावरचं नाव उडालेलं, मागं ओरखडे, वर कबुतरांचा प्रसाद. आता ती वाचणारं यंत्र शोधायचं. आजच्या दिवसात सीडी घालायची फट असलेला कॉम्प्युटर साऱ्या काळेवाडीत एकाच माणसाकडं होता. अण्णासाहेब दुकान बंद करायच्या बेतात होते. सीडी बघून म्हणाले, "रॅम बदलली का?"

"अण्णासाहेब, पाया पडतो. आधी एवढी वाचून द्या."

अण्णासाहेबांनी सीडी ओल्या फडक्यानं पुसली, मधून बाहेर, सरळ रेषेत, आईनं बाळाचं नाक पुसावं तशी. आत ढकलली. यंत्र घुरघुरलं आणि सीडी बाहेर फेकली. पुन्हा पुसली. पुन्हा फेकली. समाधान डोळे मिटून नामस्मरण करत होता, प्रज्वल शटर धरून उभा होता. तिसऱ्या खेपेला आतून किर्र झालं, थांबलं, आणि पडद्यावर फाइल आल्या. समाधाननं त्या लगेच पेन ड्राइव्हवर घेतल्या. अण्णासाहेब म्हणाले, "बघ, माझं ऐकलं असतंस तर..." पण काय ऐकलं असतं ते त्यांनाही आठवेना.

घरी येऊन जुना ड्रायव्हर बसवला. मशीन बंद झालं, चालू झालं. कौशल्याबाई दारात येऊन उभ्या होत्या. आज त्यांनी काही विचारलं नाही. समाधाननं बटण दाबलं.

"विठ्ठल," आबाजी म्हणाले. आणि म्हणतच राहिले.

कुणी टाळी वाजवली नाही. प्रज्वल गार झालेल्या पोह्यांकडं वळला. बाईंनी चौकट धरली होती, ती सोडली आणि तिथंच खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी समाधाननं रजा टाकली आणि शेवटचा तुकडा घेतला. त्यात ते वाक्य होतं. घर्रर्र कसा खरवडायचा हे आता त्याच्या हातात बसलं होतं, पडद्यावरच्या रेघांवरूनही कळायचं. त्या जागी आल्यावर त्यानं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. रेघा बघत बघतच काम पुरं केलं. प्रज्वल म्हणाला, "दाजी, ऐका तरी, बरोबर झालंय का."

"आधी काकूंनी ऐकायचं," समाधान म्हणाला. "बिघडलं असलं तर त्यांच्यासमोरच बिघडू दे."

कोजागिरीला अंगणात सतरंजी घातली. आटवलेल्या दुधाचं पातेलं चंद्राखाली ठेवलं. कौशल्याबाईंना सगळ्यांनी धरून एकदम पुढं, स्पीकरसमोर बसवलं. कीर्तन नमनापासून सुरू झालं. समाधान मागं कॉम्प्युटरपाशी उभा, निळा पडदा येतो की काय म्हणून त्याची नजर हलत नव्हती. शेवट आला. आबाजींचा आवाज जरा बसला होता, पण त्यांचाच होता.

"माउली," आबाजी म्हणाले, "तुम्ही कीर्तन झालं की म्हणता, महाराज, वाहवा. आमच्या घरी एक श्रोता असा हाय, लगीन झाल्यापासनं माझं कीर्तन ऐकतोय, आन् आजवर एकदा म्हनला न्हाई की बरं झालं. म्हून तर मी थांबलो न्हाई. ती 'बरं झालं' म्हनली असती, तर मी कवाच घरी बसलो असतो."

रेकॉर्डिंगमधली माणसं खळखळून हसली. अंगणातल्या कुणाला हसावं की नाही ते कळेना. सगळ्यांच्या माना पुन्हा कौशल्याबाईंकडं वळल्या.

बाईंनी पदर सारखा केला. स्पीकरकडं बघितलं. मग नेहमीच्या, भाजीत मीठ कमी आहे हे सांगायच्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं हो आज."

आणि समाधानकडं वळून म्हणाल्या, "आता बंद कर त्ये. मानूस दमतो."

समाधाननं कॉम्प्युटर रीतसर बंद केला. पुढच्या खंडेनवमीला त्याला फक्त फडकं मारायचं आणि एक फूल वाहायचं, असं त्यानं स्वप्नालीसमोर कबूल केलंय. सीडी देवघरात आहे. कबुतरं गॅलरीत आहेत.

तर माउल्यांनो, एवढंच मागणं. यापुढं कधी कीर्तनाला गेलात, लाइट गेली, जनरेटर लागला आणि महाराजांच्या बोलण्यावर पुढची रांग हसली, तर एकदा मान वळवून शेवटच्या रांगेकडं बघा. तिथं पदर सारखा करून, न ऐकताच हसणारी एखादी बाई असेल. तेव्हा आमच्या कौशल्याबाईंना आठवा, आणि महाराज काय म्हणाले ते तिच्या कानाशी जाऊन सांगा.